गुरुदासच्या पिंपातली फेणी

पेडणे पोलीस ठाणे
दिनांक २ जून १९८८

नाव: जयराम शांताराम गावस. वय: ५९ वर्षे. धंदा: काजू बागायती व किराणा दुकान. राहणार: कोरगाव, तालुका पेडणे, गोवा.

मी वरील नावाचा इसम आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते येणेप्रमाणे:

मी वरील ठिकाणी पत्नी देवकी व पुतण्या तुषार यांच्यासह राहतो. आमची काजूची बाग आहे. भट्टी माझी नाही. परंतु बरीच वर्षे झाली, कोरगावात आणि आसपासच्या वाड्यांवर कोणाची फेणी उतरली की विकण्याआधी ती मला चाखायला आणतात. मी बरी म्हटली तर बरी, पाणचट म्हटली तर पाणचट. त्याबद्दल मी कोणाकडून काही घेत नाही. लोक मान देतात तेवढा घेतो. तो मला आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

चाखण्याची आमच्याकडची रीत अशी. आधी बाटली हलवून वर येणारे बुडबुड्यांचे मोती किती टिकतात ते बघायचे. मग चार थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळायचे आणि हात सुकले की वास घ्यायचा. फेणी खरी असेल तर काजूचा वास मागे राहतो. साखरेच्या स्पिरिटची असेल तर हात कोरा होतो. घोट सगळ्यात शेवटी. आमची फेणी पाण्यासारखी स्वच्छ असते. तिला रंग आला म्हणजे कोणीतरी साखर करपवून घातली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

गोवा घटक राज्य झाल्याला वर्ष झाले म्हणून दिनांक ३० मे रोजी गावच्या तरुण मंडळाने बाजाराच्या पटांगणात मांडव घालून काजू मेळावा ठेवला होता. त्यात फेणीची स्पर्धा होती. परीक्षक दोघे, एक मी आणि दुसरे पणजीच्या एका हॉटेलचे मॅनेजर श्री. परेश वेरेकर. पहिल्या नंबरची फेणी दरवर्षी त्यांचे हॉटेल घेणार, असे ठरले होते. शेरा कोकणीत लिहायचा की मराठीत यावरून मंडळात आधी बरेच भांडण झाले. शेवटी शेरा नकोच, दहापैकी गुण तेवढे लिहा, यावर सगळे गप्प झाले.

गुरुदास बाबली शेटये हा आमच्याच गावचा भट्टीवाला. त्याची भट्टी ओढ्याच्या कडेला आहे. माणूस कमी बोलतो. बाकीच्यांनी आपापली फेणी बाटल्यांत आणली. गुरुदासने एक अख्खे लाकडी पिंप टेंपोत घालून आणले आणि मांडवात फळ्यांच्या घोडीवर चढवले. हे पिंप त्याच्या मेहुण्याने, जो बोटीवर कामाला आहे, वास्कोच्या बंदरातून आणून दिलेले. त्यात पूर्वी अमेरिकेची बर्बन व्हिस्की होती. असले पिंप आतून जाळलेले असते व त्याचा रंग आतल्या दारूला चढतो, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. गुरुदासने आपली दोन हंगामांची निवडक फेणी त्यात मुरत ठेवली होती. घरी एक बाटलीही मागे ठेवली नव्हती. हॉटेलने घेतली तर भट्टीवर कौले घालू, असे तो दुकानात मला म्हणाला होता.

बाकीच्यांची चाखून झाल्यावर गुरुदासने पिंपाची खुंटी काढून दोन पेल्यांत फेणी दिली. रंग चहाच्या काढ्यासारखा होता. श्री. वेरेकर यांनी आधी घोट घेतला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! बर्बनच्या पिंपात मुरवलेली. अशी आमच्या हॉटेलातल्या साहेबांनासुद्धा मिळत नाही." त्यांनी मला न विचारता कागदावर नऊ गुण लिहिले.

मला राग आला. पणजीचा माणूस कोरगावात येऊन आम्हाला फेणी शिकवणार, असे मनात आले. मी बाटलीत घालून मोती बघितले नाहीत. तळहातावर घेतली नाही. एक घोट घेतला. त्या घोटात मला गूळ लागला, भाजलेल्या खोबऱ्यासारखे काहीतरी लागले. काजूत खोबरे कुठून आले? असे काही मी आजवर चाखले नव्हते. मी चाखले नाही ते खरे नाही, असे मी धरून चाललो.

मी पेला ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "ही फेणी न्हय रे गुरुदासा. साखर करपवन रंगयलेला स्पिरीट ह्या."

गुरुदास म्हणाला, "दादा, रंग पिंपाचो असा. हाताक लाव, वास घे, मगे काय ता सांग."

त्याचे म्हणणे रीतीला धरून होते. पण पुन्हा हातावर घेतली असती तर मी आधी रीत पाळली नाही, हे चारचौघांत उघड झाले असते. मी म्हणालो, "हात घाण कित्याक करू? पिंप अमेरिकेचा आनी दारू बाजाराची." त्यावर मांडवभर लोक हसले. लोक हसले याचे मला त्या घटकेला बरे वाटले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे माझी आई म्हणायची, ते दुसऱ्यांना उद्देशून आहे असे मी जन्मभर समजत होतो. मी कागदावर शून्य लिहिले. श्री. वेरेकर यांनी माझा कागद बघितला. मग म्हणाले, "तुम्ही इथले जाणकार. तुम्ही म्हणता तर तसेच असेल." त्यांनी आपले नऊ खोडले.

त्यानंतर मागून कोणीतरी "चोर" म्हणून ओरडले. मंडळाची मुले पुढे आली. पिंपाला पहिला हात माझा पुतण्या तुषार याने लावला, हे मी पाहिले. घरात माझेच बोलणे ऐकून तो वाढला आहे. बाकी कोणी कोणी ढकलले ते गर्दीत दिसले नाही. गुरुदास मध्ये शिरून पिंपाला मिठी मारून उभा राहिला. घोडी मोडली. पिंप त्याच्या उजव्या पायावर पडले व तिथून घरंगळून दगडावर आपटले. एक लोखंडी पट्टी निघाली, फळ्या उघडल्या आणि फेणी जमिनीत गेली. काही शिंतोडे माझ्या हातावर आले. गुरुदास पायाकडे बघत नव्हता, फेणी जिकडे वाहत होती तिकडे बघत होता. त्याची बायको शेवंती बायकांतून धावत आली. मी तिथेच खुर्चीत बसून होतो.

गुरुदासला टेंपोतून म्हापशाच्या इस्पितळात नेले. त्याच्या पायाचे हाड दोन जागी मोडले आहे, असे मला नंतर कळले. मुलांवर बालंट येऊ नये म्हणून मंडळाने त्याच संध्याकाळी गुरुदासविरुद्ध भेसळीचा तक्रार अर्ज लिहिला. जाणकार म्हणून माझी सही मागितली. मी केली. तो अर्ज आपल्याकडे आहे, त्यावरची सही माझीच आहे.

घरी जाऊन मी साबण लावून हात धुतले आणि जेवायला बसलो. देवकी वाढत होती. ती म्हणाली, "हात धुवक नाय तुमी? काजूचो वास येता."

मी म्हणालो, "धुतलंय."

"साबण लावन?"

मी हात नाकाकडे नेला. काजूचा वास होता. स्पिरिट असते तर पहिल्या पाण्यातच गेला असता. देवकी भट्टीवाल्याची लेक आहे, मांडवात काय झाले तेही तिच्या कानावर आले होते. ती आमटी वाढून आत गेली. त्याच वेळी उठून मी ठाण्यात यायला हवे होते. मी भात कालवला आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पंचनामा होण्यापूर्वी, मी पटांगणात गेलो. कोणी बघत नाही ना, हे आधी बघून घेतले. पिंप कलते पडले होते आणि खालच्या फळ्यांच्या खोलगट भागात ओंजळभर फेणी उरली होती. मी तळहातावर घेऊन चोळली. वास आला तो आमच्याच काजूच्या बोंडांचा. मग बोट बुडवून जिभेला लावली. आधी काजू येतो, नेहमीसारखा नाकात चढणारा. तो उतरला की करपल्या गुळासारखे गोड लागते. त्याच्यामागे खोबरे आणि नव्या फळीचा वास. घशाखाली गेल्यावरही ती जात नाही, बराच वेळ तोंडात राहते. धार कमी झालेली नाही, पण बोचत नाही. इतकी वर्षे मी फेणी चाखतो, अशी कधी चाखली नव्हती. माझी खात्री पहिल्या बोटालाच झाली होती. तरी मी दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली. उरलेली सगळी मी तिथे उकिडवा बसून संपवली.

दुपारी पंच आले तेव्हा पिंप कोरडे होते. तपासायला पाठवण्यासाठी नमुना मिळाला नाही, असे पंचनाम्यात लिहिले आहे ते खरे आहे. नमुना माझ्या पोटात गेला होता. गुरुदासला निर्दोष ठरवू शकेल असे तेवढेच शिल्लक होते, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी घराच्या पायरीवर उभा होतो. मुद्दाम केले नाही. पण मुद्दाम करणाऱ्याने याहून वेगळे काय केले असते, हे मला सांगता येत नाही. मला लाज वाटते. ती अर्जावरच्या सहीपेक्षा या गोष्टीची जास्त वाटते.

आता भेसळीच्या त्या अर्जाला माझ्या शब्दाशिवाय आधार नाही. अर्ज टिकला तर गुरुदासचा परवाना जाईल, असे मला हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी समजावून सांगितले. म्हणून मी सांगतो की, गुरुदास शेटये याच्या पिंपातली फेणी शुद्ध काजूची होती. तिच्यात साखर, रंग किंवा स्पिरिट काही नव्हते. रंग व गोडी पिंपाच्या लाकडाची होती. मांडवात मी जे बोललो ते न तपासता बोललो, आणि तपास म्हटल्यावरही तपासले नाही. अर्जावरची माझी सही मी मागे घेतो.

आता तुम्ही किती गुण द्याल, असे हवालदारसाहेबांनी विचारले. मी नऊ म्हणालो. एक का कापला असे विचारल्यावर, शेवटाला किंचित तुरट लागते, आणखी एक हंगाम मुरली असती तर तो तुरटपणा गेला असता, असे मी सांगितले. हवालदारसाहेब हसले. आता ती मुरणार कशात, हे बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आले.

पिंपाला प्रथम हात लावणाऱ्याचे नाव मी वर सांगितले आहे. तो माझा पुतण्या आहे म्हणून ते खोडावे, अशी माझी मागणी नाही. त्याला जे विचारायचे ते आधी मला विचारावे.

येथवरचा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, कमीजास्त काही नाही.

वाचन चालू असता दार उघडे होते. गुरुदासची बायको शेवंती आपल्या जबाबासाठी बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने सगळे ऐकले. आत येताना मी तिच्याकडे बघितले नव्हते. वाचून झाल्यावर ती दारात आली आणि म्हणाली, "हांगा तुमी चार भिंतींत सांगल्यात. माझ्या घोवाक चोर म्हटल्यात ता भरल्या मांडवात म्हटल्यात."

ती एवढेच बोलली व पुन्हा बाकावर जाऊन बसली. तिचे बोलणे माझ्या जबाबात लिहून घ्यावे, असे मी सांगितल्यावरून येथे घेतले आहे.

त्यानंतर मी या जबाबाची नक्कल मागितली. रविवारी देवळाच्या सभामंडपात गावची बैठक आहे, तिथे ती वाचून दाखवावी असा माझा विचार होता. कागद हातात असला की मान खाली ठेवता येते. नक्कल देता येत नाही, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. तेव्हा ते मला गावासमोर मान वर करून, तोंडानेच सांगावे लागेल.

हा शेवटचा मजकूरही वाचून दाखवला. तो बरोबर आहे.

सही: जयराम शांताराम गावस
समक्ष: हवालदार, पेडणे पोलीस ठाणे