औषध नाही, अन्न आहे!

...अन्न म्हणे! रक्त पातळ करतं म्हणून विकायचं आणि कुणी हटकलं की म्हणायचं, "औषध नाही, अन्न आहे!" तुम्हाला सांगतो, उभा जन्म बातमीदारीत गेला, मंत्र्यांच्या थापा ऐकल्या, पण इतकी गुळगुळीत थाप? छे!

माझा थोरला भाऊ, त्र्यंबकदादा, ठाकुर्लीला राहतो. हृदयात स्टेंट बसवलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवस चुकवायची नाही! आणि हा कोलशेतच्या कुठल्याशा हॉलात फुकट व्याख्यान आणि वडा-चहा म्हणून गेला, तो सोयाबीन आंबवून केलेल्या जपानी कॅप्सूलचा डबा घेऊन आला आणि गोळी बंद!

मी त्या विक्रेत्या सुदेशला फोनवरच धरला. "सर, गोळी बंद करा असं मी बोललोच नाय! मी फक्त बोललो, आता गरज काय? जपानची माणसं नव्वदीला डोंगर चढतात, सर!" अरे, आमच्या दादाला कल्याणच्या पुलाचा जिना चढवत नाही! "मग डॉक्टरांना विचारलंस?" "कशाला सर? औषध नाही, अन्न आहे!"

आणि शालनवहिनीचं दुःख आणखी वेगळं. "भावोजी, इडलीचं पीठ जरा जास्त आंबलं तर हे मोरीत ओतायला लावतात, आणि आंबवलेलं सोयाबीन गिळतात हो!"

बरं, संकष्टीला त्यांच्याकडे गेलो, तर दादा उपाशीपोटी कॅप्सूल तोंडात टाकतोय. म्हटलं, "दादा, उपासाला सोयाबीन?" तो म्हणाला, "अरे, औषध चालतं उपासाला." औषध? आता औषध? "काल तर अन्न होतं!" मी असा ओरडलो की वहिनी लाटणं घेऊनच बाहेर आली. "अगंबाई! अहो, कडधान्य ते! थुंका आधी! चंद्र उगवायचाय अजून!"

थुंकला! मी लगेच डॉक्टरांची गोळी पुढे केली, ती मुकाट गिळली. जिंकलो म्हणून घरी आलो, तर दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "हे बघ, उपासाला तुझं औषध, एरवी माझं अन्न. झालं समाधान?"

समाधान? रोजची गोळी आहे ती, दादा!

मग काय, देवधर्मावर जन्मभर तिरकस लिहिणारा मी, त्याला उपास धरायला लावत सुटलो. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, बुधवारी विठोबा, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती, एकेक देव हातापाया पडून गळी उतरवला! रविवारी खंडोबा सुचवला, तर म्हणतो, "रविवारी घरात मटण असतं रे."

मटण! स्टेंटवाल्याला! घसा फाटेस्तोवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "ओरडतोस काय? अन्नच आहे ना ते?"

...म्हणजे रविवारी गोळीला सुट्टी! त्याच्या वाट्याचा रविवारचा उपास आता मीच धरतो.