दाव्यात राहून गेलेली पाइपलाइन

चांगुणा : पन ताई, आत्ताच कशाला सांगायचं? आसारामभावजी साक्षीला उभं ऱ्हाऊ द्या, मंग काढा पाइपलाइनचं. बोलतीच बंद हुईल.

रोहिणी : काकू, तुमची वकील म्हणून सांगते, त्या दिवशी आपलीच बोलती बंद होईल. दाव्यात आपण फक्त बांधावरचा गाडीरस्ता मागितलाय. त्याच्याखालून तुमच्या पेरूच्या बागेला जाणाऱ्या पाइपलाइनचा एक शब्द नाही. पुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती मागितली, तर जज साहेब विचारतील, इतके दिवस काय केलंत?

चांगुणा : पाइप आमच्या मालकांनी आन् भावजींनी मिळून गाडला, एका ताटात जेवून. मला वाटलं, रस्त्याचं भांडन कोर्टाचं, ह्यो घरातला इषय. वकिलाला काय सांगायचा?

रोहिणी : आणि आता?

चांगुणा : आता रस्ता नांगरलाय त्यांनी. निकाल लागला की पाइपबी उकरनार म्हनत्यात. मालक गेल्यावर त्या बागेनंच मला सावरलं, ताई. ती वाळलेली मला बघवनार न्हाई.

रोहिणी : म्हणून तर आजच दुरुस्तीचा अर्ज देतेय. त्याची नक्कल त्यांच्या वकिलांना द्यायची आणि त्यांना उत्तराला वेळही द्यायचा.

चांगुणा : म्हंजे तयारी करून येनार ते.

रोहिणी : येऊ देत. त्यांना बोलू न देता मिळालेला निकाल वरच्या कोर्टात टिकत नाही. बरं, मला सांगा, विहीर दोघांची. तुमची पाळी आली की पाणी कसं घेता?

चांगुणा : हाळी देऊन. ‘पानी फिरवते वं’ म्हनायचं, मंग वाल फिरवायचा.

रोहिणी : कोर्टात भांडताय तरी?

चांगुणा : मंग? मानूस दारं धरून वाफ्यात उभा असतोय. न सांगता पानी तोडलं तर त्याचं भिजवन अर्धं ऱ्हातं. दोन वर्सं झाली, आमी बोलत न्हाई. पन माझी हाळी कदी चुकली न्हाई. त्यांचीबी न्हाई.

रोहिणी : अर्जाची नक्कल देणं म्हणजे तेवढंच, काकू.

चांगुणा : असं हाय व्हय. आना इकडं, कुठं करू सही?

(नक्कल आसारामच्या वकिलांना मिळते. दुपारी श्रीरामपूर कोर्टाच्या आवारात आसाराम या दोघींपाशी येतो.)

आसाराम : वयनी, पाइपाचंबी टाकलं म्हनं दाव्यात.

चांगुणा : टाकलं, भावजी. खरं सांगते, साक्षीच्या दिवशी धरनार हुते तुमाला. ताईंनी न्हाई धरू दिलं.

आसाराम : आमचं वकील म्हनलं, हरकत घेऊ. मी म्हनलं, नगं. दुरुस्ती करू द्या, पन मी जबाब देनार. त्या पाइपाची चारी खांदताना मीबी घाम गाळलाय.

चांगुणा : द्या की. मी कुठं नगं म्हनते.

आसाराम : तुमी आधी सांगितलं, तर मीबी सांगतो. माझ्या पयल्या जबाबात लिवलंय, रस्ता कदी नव्हताच. रागात सही केली. तेवढं मलाबी दुरुस्त करायचंय.

रोहिणी : काका, हे माझ्यापुढं बोलू नका. मी तुमच्या विरुद्ध बाजूची वकील. आधी तुमच्या वकिलांना विचारा.

आसाराम : दुरुस्ती कशी करायची ते इचारतो, ताई. पन रस्ता हुता, ते त्यांना काय इचारायचं?