पारदर्शक पट्टी

भिंगरी : बाई, वर आकाशात असताना शू लागली तर काय करता?

कॅप्टनबाई : काय म्हणालीस?

भिंगरी : मी नाही विचारत. वर्गातल्या तिघींनी पैज लावलीय. म्हणाल्या, तुमच्या फ्लाइंग क्लबच्या कॅप्टनबाईंना हे तोंडावर विचारून दाखव, मग तुला मानू. मी म्हटलं, त्यात काय मोठं.

कॅप्टनबाई : अगं भवाने, मी विमान तपासत त्याच्याभोवती फेरी मारतेय. या वेळी अध्यक्षसुद्धा माझ्याशी बोलायला धजत नाहीत.

भिंगरी : मग नंतर सांगा.

कॅप्टनबाई : थांब, हसून डोळ्यांत पाणी आलं, आधी चष्मा पुसू दे. पस्तीस वर्षं शिकवतेय, पण हे विचारायची हिंमत एकालाही झाली नाही. सांग त्यांना, निघायच्या आधी जाऊन यायचं. आणि तरी लागलीच तर उतरायचं. मी एकदा परक्या धावपट्टीवर उतरले होते. तिथला माणूस धावत आला, इंजिन बिघडलं का म्हणून. त्याला ओलांडून मी त्याच्याहून जोरात धावले.

भिंगरी : सोमवारी मधल्या सुट्टीत हेच सांगणार.

कॅप्टनबाई : खुशाल सांग. कुठे होते मी? हं, पंखाच्या टोकाशी. बिजागरी ठीक. चाक ठीक. शेपूट ठीक. म्हातारीला आज छान न्हाऊ घातलंयस हं.

भिंगरी : चार बादल्या. हँगरातले घड्याळजी आजोबा काचा पुसत होते, ते म्हणाले, एवढी आंघोळ मी माझ्या लग्नाच्या दिवशीही केली नव्हती.

कॅप्टनबाई : त्यांचं लग्न मी पाहिलंय. खरं बोलतात. चल, चढ. सहा शनिवार विमान धुतलं की सातव्या शनिवारी आकाशात एक फेरी, हा आपला ठराव. घरच्यांची सही दिलीस ना?

भिंगरी : कचेरीतल्या फायलीत आहे.

कॅप्टनबाई : पट्टा ओढ. अजून घट्ट. हात मांडीवर. आता खडखड होईल, तिला घाबरायचं नाही. ती थांबेल, तेव्हा समजायचं, जमीन सुटली.

भिंगरी : थांबली.

कॅप्टनबाई : सुटली.

भिंगरी : बाई.

कॅप्टनबाई : बोल.

भिंगरी : काही नाही. नुसतं बाई म्हणावंसं वाटलं.

कॅप्टनबाई : चालेल.

भिंगरी : ती आमची शाळा का? कंपासपेटीएवढी? आणि त्या गच्चीवर कुणाची तरी पिवळी चादर वाळतेय. बाई, ती ढगाची सावली बघा ना. खाली असताना नुसतं अंधारून आल्यासारखं वाटतं. वरून तिला कडा आहे. शेतं ओलांडत चाललीय, बांधाबिंधाला न विचारता. हे रोज असंच असतं? आम्ही खाली गणितं सोडवत असतो तेव्हाही?

कॅप्टनबाई : रोज. मला अजून सवय झालेली नाही. भिंगरे, आता एक मिनिट बडबड बंद कर. तुझ्यासमोरच्या त्या गोल तबकडीतला काटा उंची दाखवतो. किती आहे?

भिंगरी : खाली उभ्या होतो तेव्हा होता तिथेच आहे.

कॅप्टनबाई : म्हणजे त्याच्या मते आपण अजून हँगरच्या दारात उभ्या आहोत. आणि हा शेजारचा म्हणतो, वरही जात नाही, खालीही नाही. वेगाचा काटा हवा तेवढा चढत नाहीये.

भिंगरी : सगळे बिघडले?

कॅप्टनबाई : एक असता तर बिघडला म्हटलं असतं. तिघं मिळून खोटं बोलतायत. तिघंही एकाच भोकातून श्वास घेतात. डाव्या कुशीवर, शर्टच्या गुंडीएवढं. ते बुजलंय.

भिंगरी : बाई, ते भोक…

कॅप्टनबाई : आत्ता नाही. जे सांगायचंय ते जमिनीवर सांग. नव्या विमानांना अशा वेळी दुसरीकडून हवा घ्यायची कळ असते, हिला नाही. मी टॉवरला कळवते, आपण वळसा घालून परत जातोय. तुला भीती वाटतेय?

भिंगरी : हो.

कॅप्टनबाई : छान. मग तुला काम देते. वेगाचा काटा कमी दाखवतोय. त्याचं ऐकून नाक खाली घातलं तर आपण उगाच सुसाट जाऊ. म्हणून त्याच्याकडे बघायचं नाही. दाराच्या फटीतून वाऱ्याची शीळ येतेय, ती ऐकू येते?

भिंगरी : येते.

कॅप्टनबाई : ती आहे तशीच राहिली पाहिजे. बारीक झाली की मला सांग. आणि हँगरच्या छपरावर क्लबचं नाव रंगवलंय. तुला पहिलं अक्षर वाचता आलं की म्हण, आलं.

भिंगरी : नाही अजून. नाही. शीळ तशीच आहे. नाही. आलं.

कॅप्टनबाई : म्हणजे पाचशे फूट. गेल्या उन्हाळ्यात मीच रंगवून घेतलंय ते, बरोब्बर तेवढ्या उंचीवरून वाचता येईल अशा मापानं.

भिंगरी : शीळ बारीक झाली.

कॅप्टनबाई : ती मीच केली. शाबास. आता धावपट्टीचा हा पांढरा पट्टा आपल्याकडे चालत येईल. येऊ दे. येऊ दे. हं. टेकलो.

भिंगरी : मला कळलंसुद्धा नाही.

कॅप्टनबाई : कळायचंच नसतं. उतर, डावीकडे ये. आता सांग, काय सांगत होतीस?

भिंगरी : धुताना त्या भोकात पाणी जाऊ नये म्हणून पट्टी लावतात ना, ती केशरी, लांब शेपटीची. रोल संपला होता. मग मी दप्तरातली चिकटपट्टी लावली. पारदर्शक. मला वाटलं, काय डोकं चालवलं मी. आणि काढायची राहिली. ही बघा. दिसतसुद्धा नाही. बाई, मी आत्ता ओढून टाकते. कुणी पाहिलेलं नाही.

कॅप्टनबाई : हात लावू नकोस. दोघींनी पाहिलंय. आधी फोटो काढू.

भिंगरी : मी मुद्दाम नाही हो केलं.

कॅप्टनबाई : मुद्दाम करणाऱ्याला मी हँगरात पाऊल ठेवू देईन का? आता माझं ऐक. ती दिसत नाही हे खरं. पण मी तिथे नुसतं बघत नाही, बोट फिरवते. आज फिरवलं नाही. फेरी मोडली तर पहिल्यापासून सुरू करायची, हे मीच सगळ्यांना घोकायला लावते. आणि मी पंखाच्या टोकापासून सुरू केली.

भिंगरी : म्हणजे माझ्या त्या प्रश्नामुळे.

कॅप्टनबाई : प्रश्न तुझा. हसू माझं. दोन्ही एका भांड्यात ओतू नकोस.

भिंगरी : आता काय होणार?

कॅप्टनबाई : तीनच्या सुमारास क्लबातलं एक नवं पोर पहिल्यांदा एकटं उडणार होतं, याच विमानातून. ते आज उडणार नाही. झालेली चूक कळवायला मी विमान खात्याचा फॉर्म भरणार. आणि खातं कळवेपर्यंत मी शिकवणार नाही.

भिंगरी : पण गुरुवारी खात्याचे निरीक्षक येणार आहेत. क्लबचा परवाना त्यांच्याच हातात आहे, अध्यक्ष सकाळी तेच सांगत होते.

कॅप्टनबाई : मग त्यांना वाचायला काहीतरी हवंच.

भिंगरी : मग माझंही लिहा. पट्टीचं.

कॅप्टनबाई : ते मी कसं लिहू? इथला रिवाज जुना आहे. ज्याची चूक त्याने लिहायची. एकाची चूक दुसऱ्याने लिहिली की ती चहाडी होते, आणि एकदा चहाडी सुरू झाली की सगळे लपवायला शिकतात. त्यातून तू अठराच्या आतली. तुझा कागद आईवडिलांच्या सहीशिवाय घेता येत नाही. मी तुला लिही म्हणणार नाही, आणि नको असंही म्हणणार नाही. जा, तोंड धू.

(त्याच संध्याकाळी, घरी. आई कपड्यांच्या घड्या घालते आहे. बाबा बसचालकाचा गणवेश न काढताच बसले आहेत.)

आई : मी सही केली होती ती विमान धुण्यासाठी.

भिंगरी : धुण्यासाठी आणि उडण्यासाठी. तू खालची ओळ वाचली नाहीस.

आई : म्हणजे आता ती चूक माझी.

भिंगरी : हो, पण तुझी तू लिहायची.

बाबा : चेष्टा पुरे. मला नीट सांग. त्या बाईंनी फॉर्ममध्ये काय लिहिलंय?

भिंगरी : मला दाखवला त्यांनी. पाच ओळी आहेत. निघण्यापूर्वीची तपासणी मी अर्धवट केली. हवेच्या भोकावरची पट्टी माझ्या लक्षात आली नाही. बरोबर एक विद्यार्थिनी होती. विमान परत आणलं. चूक माझी. बस. खाली सही आणि परवान्याचा नंबर.

बाबा : पट्टी कसली होती ते नाही?

भिंगरी : नाही. वाचणाऱ्याला वाटेल केशरीच होती, हातभर शेपटीची, आणि बाईंना तीही दिसली नाही.

आई : अगं बाई.

भिंगरी : अध्यक्ष आले होते, ते दातांचे डॉक्टर. अगदी हळू आवाजात समजावत होते. म्हणाले, पाठवायला तीन दिवसांची मुदत असते, आज शनिवार, पण आपण गुरुवारनंतर पाठवू, दोन-तीन दिवस उशीर झाला तर कुणाचं काय बिघडतं. बाई म्हणाल्या, डॉक्टर, कीड दिसली की तुम्ही गुरुवारपर्यंत थांबता का? मग त्यांनीच पाकिटावर पत्ता लिहिला.

बाबा : बाई मोठ्या आहेत, मान्य. पण त्यांचं आयुष्यभर उडून झालंय. तुझं व्हायचंय. आमच्या डेपोत काय करतात ठाऊक आहे? गाडीला ओरखडा गेला तर डबीतला रंग लावतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, कुठला ओरखडा?

आई : आणि तुम्ही?

बाबा : मीही लावलाय रंग. दोनदा. मुलंबाळं असली की माणूस रंग लावतो.

आई : बाईंचं शिकवणं जाईल का गं?

भिंगरी : जाऊ शकतं. घड्याळजी आजोबा म्हणाले, या वयात एकदा काढून घेतलं की परत देत नाहीत. बाई मात्र कप विसळत होत्या. सगळ्यांचे. मी म्हटलं, बाई, तुम्हाला वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, फार वाटतं, पण ते फॉर्ममध्ये लिहायला जागा नसते.

बाबा : हे बघ, मी चौकशी केलीय. तुला पुढल्या वर्षी शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करायचाय. त्यात एक रकाना असतो. याआधी कुठल्या घटनेत तुमचं नाव आलंय का? हो किंवा नाही. बाईंनी तुझं नाव लिहिलेलं नाही. म्हणजे आज तू नाही लिहू शकतेस. उद्या कागद दिलास की जन्मभर हो लिहावं लागेल. हजार पोरं अर्ज करतात, त्यांना गाळायला निमित्तच हवं असतं.

भिंगरी : माहीत आहे, बाबा.

बाबा : मग?

भिंगरी : तुम्ही वर नव्हतात. तिन्ही काटे खोटं सांगत होते आणि बाईंचा आवाज इतकासुद्धा बदलला नाही. मी घाबरले तर छान म्हणाल्या. मला काम दिलं. मला वाटत होतं मोठेपण म्हणजे असं न घाबरता विमान उतरवणं. पण ते तर त्यांनी हसत केलं. खरं अवघड नंतर होतं. त्या टेबलाशी बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि सरळ लिहून मोकळ्या झाल्या. बाबा, मी ढगाची सावली वरून पाहिली आज, पण त्या लिहीत होत्या ना, तेव्हा मला तेवढंच मोठं काहीतरी बघतेय असं वाटलं.

आई : तू रडतेयस का?

भिंगरी : थोडीशी. चालू दे. आणि अजून एक आहे. खातं हे फॉर्म नाव झाकून सगळ्या क्लबांना पाठवतं, पुन्हा तसं होऊ नये म्हणून. बाईंच्या कागदातून त्यांना काय कळणार? नीट बघत जा, एवढंच. माझा कागद गेला तर कळेल, की रोल संपला तर विमान धुवायचंच नाही. कुठेतरी अजून एखादी माझ्यासारखी असेलच, डोकं चालवणारी. तिच्या वेळी धुकं असेल, अन् कसलंच छप्पर दिसत नसेल.

आई : तुमचा चहा थंड झाला.

बाबा : होऊ दे. भिंगरे, तुला उडायचंय ना? चौथीपासून तेच एक ऐकतोय मी.

भिंगरी : आजच्याइतकं कधीच नव्हतं उडायचं. म्हणूनच सांगते. रागवू नका आणि मधे बोलू नका. मी सगळं लिहून काढलंय, पारदर्शक पट्टीसकट. उद्या सकाळी आठला क्लबात देणार आहे. तुमच्यापैकी एकाची सही लागेल, ती वाचून करा. आणि पुढल्या वर्षी मी अर्ज करणार आहे. त्या रकान्यात हो लिहून.