सातव्या सोमवारची कढी

सुमनबाई, मनीषाचं लग्न जमावं म्हणून मी अकरा सोमवार मीठ सोडलं होतं, आठवतं ना? सातव्या सोमवारी घरच्यांसाठी कढी केली, सवयीने हातावर घेऊन चाखली, अन् गिळल्यावर आठवलं. मी रडायलाच बसले.

मनीषा म्हणाली, "काऊन रडतं माय? मी नेटवर विचारतो."

चंद्रपूरच्या सायबर कॅफेत जाऊन तिने बायकांच्या गटावर माझी चूक लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तरं वाचून दाखवली. पुण्याची एक म्हणे, पहिल्यापासून धरा. अमेरिकेतली म्हणे, सैंधव असेल तर चालतं. एकीने लिहिलं, "देव इतकं बारीक पाहत असता, तर मला हा नवरा मिळाला नसता."

आपल्या जिल्ह्यातल्याच सावली गावच्या एका बाईने मात्र मुलाकडून लिहून घेतलं होतं, "देव माफ करते बाई, पण कढी कशी झाली होती? माह्या पोराले लय आवडते."

लिहिणारा तो पोरगा आज माझा जावई आहे.

तेव्हा बाई, तुम्हीही पोरीसाठी सोमवार धरा. अन् चुकून मोडलाच, तर लपवू नका, चारचौघींत सांगा.