चोरपायरी

—आणि हे खालचं, बाई, परशुरामशेटचं दुकान. खोबरं, काथ्या, गूळ. वासावरून कळलं असतं, पण समितीने भिंतींना इतका चुना फासलाय की आता फक्त चुनाच कळतो. जीर्णोद्धार म्हणजे दुसरं काय, जुनं खरवडून काढायचं आणि ते किती जुनं आहे याची पाटी लावायची. पाटीत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. दोन मी दुरुस्त केल्या, तिसरी अध्यक्षांची होती. मी? मी कचेरीत कारकून, एकतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर इथे नेमलं, मागच्या दोन खोल्या मरेपर्यंत राहायला. भाईंनीच तशी अट घातली. भाई म्हणजे शेटचे पुतणे. घर त्यांच्याकडे आलं, त्यांनी समितीला दिलं, नाव झालं. त्यांच्याकडे कसं आलं? वारस उरला नाही म्हणून. चला, वर दाखवतो.

शेट आणि त्यांची एकुलती एक मुलगी जानकी, चोपन्न साली मचव्यातून गोव्याला निघाली. आरोंद्याच्या खाडीच्या तोंडाशी मचवा उलटला. शेट तिसऱ्या दिवशी मिळाले. मुलगी चौथ्या दिवशी—म्हणजे एक बाई मिळाली. माशांनी चेहरा ठेवला नव्हता. भाई म्हणाले, जानकीच. पंचांनी अंगठे उठवले. लिहिणारा मी—अक्षर चांगलं आहे माझं, आणि चांगल्या अक्षरातलं लोकांना खरं वाटतं. तुम्ही गोव्याहून आलात ना? आता येतं कोणीही, गोवा मोकळा झाला. मध्यंतरी सरहद्द अशी बंद की इकडचं कुत्रं तिकडे जाईना. पत्रही नाही. आधी एखादं आलं असेल तेवढंच—कुठलं पत्र? पत्र म्हटलं का मी? बोलण्याचा ओघ हो. या, चढा वर—

थांबा.

ही सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच आहे, बाई. मुद्दाम. अंधारात चोर अडखळतो, घरातले जागे होतात. इंजिनिअर अडखळला, अध्यक्ष अडखळले, परवा एक हेडमास्तर हातावर आले. मी कोणाला आधी सांगत नाही, या नोकरीत तेवढीच करमणूक आहे. तुम्ही पाय उचललात. खाली न बघता.

खंय होतंस गो इतकी वर्सां?

नको, बोलू नको. बोललंस तर माका ऐकूचा लागात. तुजां पत्र माका गावलां होतां. आरोंद्याच्या सुगंधा कोळणीन तुका पाण्यातसून काढल्यान, पलीकडे नेल्यान, सगळां वाचलंय. भाईक दाखयलंय. भाईन चुलीत घातल्यान. मी थंयच उभो होतंय. तू जिती म्हटल्यार घर तुजां, आणि माज्यो दोन खोल्यो खंय? म्हाताऱ्यान या वयात खंय जावचा?

हे बघा, बाई. कागदावर जानकी मेलेली आहे. पंचनामा आहे, दिवस झालेत, जेवणावळ झाली—मीही जेवलो, वडे बरे होते. भाई आता तालुक्याचे पुढारी आहेत. खाडीच्या तरीवर, होडी सुटते तिथे, त्यांची माणसं असतात, आणि तुम्हाला परत जायचंय ते तिथूनच. कारकून माणूस, नियमापुरतं सांगतो: कागदावर मेलेल्याला पुन्हा काही झालं तर पंचनामा होत नाही. कोणाच्या नावाने करणार?

काय म्हणालात? कोण होती ती? जिला तुमच्या नावाने जाळलं? माहीत नाही. तिचं कोणी विचारायलाच आलं नाही. आठ वर्षांत तुम्ही पहिल्या.

हळू. खाली दार वाजलं. आज शनिवार—अरे देवा, शनिवारी भाई येतात. कठड्यावरचा हात काढा. पदर घ्या डोक्यावरून, आणखी पुढे. काही झालं तरी तोंड उघडू नका.

या भाई, या. कोणी नाही हो, एक बाई आल्यात, घर बघायला. निघाल्याच होत्या. नाव? नाव नाही विचारलं मी.

उतरा, बाई.