पोरीच्या लग्नातलं लुगडं

अकोटच्या बसमध्ये देवीदासभाऊंनी पेपर उघडला, पण पुढच्या सीटवरच्या दोघींच्या गोष्टी जास्त ताज्या होत्या.

"चतुराबाई, निराधारच्या पैशाचं काय झालं?"

"साहेब म्हणे, तुमी निराधार दिसत नाही."

"काय नेसून गेलती?"

"हेच. पोरीच्या लग्नातलं. हापिसात जायाचं होतं ना."

"हप्त्यात दोनदा डायलिसिस, डोक्यावर दवाखान्याचं कर्ज, अन् तू नटून गेली? पुढच्या खेपी फाटकं नेसून जाय."

"फाटकं कुठून आणू, पार्बताबाई? खाटेवर पडल्या पडल्या सारे लुगडे शिवून टाकले मी."

"मंग उसव एखादं."

देवीदासभाऊंचं पान उलटायचं राहून गेलं.

"उसवतो," चतुराबाई म्हणाली. "पण पैसे सुरू झाले का त्याच दिवशी परत शिवीन."