ॲलर्जीच्या रकान्याबाबत

पुरवणी जबाब
दिनांक २४ जून २०२५, सकाळी अकरा वाजता

नाव श्रावण लहानूजी थूल, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी, एस.टी. कंडक्टर, आर्वी आगार. राहणार बुद्धविहाराच्या मागे, आर्वी, जिल्हा वर्धा.

वरील नावाचा व पत्त्याचा मी आज स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी सुलोचना, वय ४९, ही दिनांक १२ जुलै २०२३ रोजी दुपारी सव्वाबारा वाजता एका खासगी दवाखान्यात इंजेक्शन दिल्यानंतर मरण पावली. दवाखान्याचे व डॉक्टरांचे नाव मूळ तक्रार अर्जात आहे. त्या अर्जावर तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीचे मत मागवण्यात आले असून समितीने पोलिसांमार्फत मला एक प्रश्न पाठवला आहे. तो असा की, रुग्णास पेनिसिलीनची ॲलर्जी असल्याचे रुग्णाने अथवा नातेवाइकाने इंजेक्शनपूर्वी सांगितले होते काय. आजचा जबाब त्यापुरता आहे. हवालदार साहेब म्हणाले की हो किंवा नाही एवढे बोला, पाच मिनिटांचे काम आहे. मी म्हटले, साहेब, माझ्याच्याने पाच मिनिटांत होणार नाही. त्यावर ते बसा म्हणाले.

सुलोचनाला २०१६ साली ताप आला असता सरकारी दवाखान्यात पेनिसिलीनची सुई दिली होती. तेव्हा तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ करून तिला वाचवले आणि एका कार्डावर लाल पेनाने लिहून दिले की हिला पेनिसिलीन देऊ नये. ते कार्ड दवाखान्याच्या कागदांच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवायचे, हा नियम तिचा होता. मी त्यावरून तिची थट्टा करत असे की, हे कार्ड तं तुह्या आधार कार्डापेक्षा मोठं झालं. ती हसत नसे.

जुलै २०२३ मध्ये तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला व पाय पिकला. बारा तारखेला सकाळी साडेदहा वाजता मी तिला सदर दवाखान्यात नेले. माझी दुपारी दोनची वर्धा गाडी होती, म्हणून मी ड्रेसवरच होतो. काउंटरवर मी कागदांची पिशवी दिली. तिथल्या माणसाने एक छापील फॉर्म पुढे केला, चार ठिकाणी पेन्सिलने फुल्या मारल्या आणि इथे सह्या करा म्हणाला. मी उभ्या उभ्या चारही सह्या केल्या. नोकरीमुळे मला कागद दोन्ही बाजूंनी पाहायची सवय आहे. तो कागद मी पाहिला नाही. त्या वेळी ॲलर्जीच्या रकान्यात काही लिहिलेले होते की रकाना कोरा होता, हे मी सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी पाय पाहिला, पू काढावा लागेल म्हणाले आणि बाहेर रांग होती म्हणून परत आपल्या खोलीत गेले. अकरा पन्नासला सिस्टर ट्रे घेऊन आली. तिने काही विचारले नाही. त्यानंतर काय झाले ते मी पुढे सांगतो, कारण समितीचा प्रश्न नेमका त्या दोन मिनिटांचा आहे आणि मला त्याच्या आधी बाकीचे सांगून घ्यायचे आहे.

त्याच दिवशी शवविच्छेदन झाले. चिरघराच्या बाहेर एका पोलीस कर्मचाऱ्याने माझा जबाब घेतला. त्यात शेवटी लिहिले होते की माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी सही केली. मयत ताब्यात मिळायची होती, पाऊस येईल असे दिसत होते, पाहुणे घरी येऊन बसले होते. तक्रार म्हणजे भांडण असा माझा समज होता आणि माझ्या अंगात भांडण करण्याचे त्राण नव्हते. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही.

तिसऱ्या दिवशी माझी मुलगी भावना, वय २५, हिने सगळे नातेवाईक बसलेले असताना मला विचारले, "बाबा, तुमी सांगितलं होतं ना त्याहिले, आईले ते सुई चालत नाई म्हणून?"

मी म्हटले, "हो. सांगितलं होतं."

त्या एका 'हो'वर पुढची दोन वर्षे गेली आहेत. मुलगी सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर काम करते. लोकांचे अर्ज टाईप करणे हेच तिचे काम आहे. तिने घरी बसून आईचा अर्ज टाईप केला. दवाखान्यात कागदपत्रे मागण्यासाठी आम्ही दोघे सात वेळा गेलो. साहेब बाहेरगावी आहेत, कपाटाची चावी नाही, पुढच्या सोमवारी येजा, असे ऐकून परत आलो. एका पुढाऱ्याने सांगितले की दवाखान्यापुढे मंडप टाकून बसा, मी माणसे देतो. माझा साळा नागसेन तर काचा फोडायला निघाला होता, त्याला भावनाने दारातून परत आणले. तिने त्याला म्हटले, "मामा, काच फुटली का केस त्यायची होते, आपली राहत नाई." हे तिला कोणी शिकवले नव्हते.

गेल्या वर्षी आगारातले ड्रायव्हर रुपेश यांनी सांगितले की वर्ध्याला कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचे ऑफिस आहे, तिथे आपल्यासारख्याला वकील फुकट मिळतो. मला वाटले फुकटचा वकील म्हणजे गाडीची स्टेपनी. पण आम्हाला ॲड. हर्षा भोयर मिळाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी दीड तास दिला. त्या म्हणाल्या की माणूस दगावला म्हणजे डॉक्टर गुन्हेगार, असे कायदा म्हणत नाही. डॉक्टरने जी काळजी कोणताही डॉक्टर घेतो ती घेतली नाही, आणि त्यामुळेच नुकसान झाले, हे दोन्ही दाखवावे लागते. पोलिसांत गुन्हा दाखल होण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत लागते. मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार करता येते, तिथे परवान्याचे पाहतात. आणि ग्राहक आयोगात भरपाई मागता येते, पण तिथे दोन वर्षांची मुदत आहे आणि पोलिसांचे काम चालू आहे म्हणून ती थांबत नाही. आमची मुदत येत्या बारा जुलैला संपते. हे सगळे मला आधी कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

वकीलबाईंनी विचारले, कागदांसाठी लेखी अर्ज दिला का? आम्ही सातही वेळा तोंडीच मागितले होते. त्यांनी अर्ज लिहून दिला, पोच घ्यायला लावली, नंतर नोटीस पाठवली. मागितल्यापासून बहात्तर तासांत कागद देणे दवाखान्याला बंधनकारक आहे असे त्यात होते. एकोणीस दिवसांनी कागद मिळाले. एकतीस पाने, प्रत्येकावर दवाखान्याचा शिक्का आणि पानाचा नंबर. फॉर्मवर ॲलर्जीच्या रकान्यात लिहिले आहे, नाही, नातेवाइकाचे म्हणणे. खाली माझी सही. आणि पान नंबर एकवर सुलोचनाचे ते कार्ड आहे. झेरॉक्समध्ये लाल अक्षरे काळी आली आहेत, पण वाचता येतात. दवाखान्याचे म्हणणे आहे की कार्ड नंतर कोणीतरी आणून घातले आणि नातेवाइकाने तर ॲलर्जी नाही असेच सांगितले होते. त्यामुळे समितीचा प्रश्न आला आहे. ग्राहक आयोगातही शपथेवर हेच विचारणार आहेत.

प्रश्न आल्यापासून सगळे मला सांगत आहेत की हो म्हण. नागसेन म्हणाला, "भाऊजी, एका शब्दाचा सवाल आहे. कोन पाहाले गेलतं तिथं? तुमी, ताई आन् ते सिस्टर. सिस्टर काय तुमच्याकडून बोलनार हाये?" माझी मुलगी मात्र हो म्हणा असे म्हणाली नाही. तिला सांगायची गरजच वाटली नाही. तिच्या लेखी ते झालेलेच आहे. मूळ अर्जाच्या दुसऱ्या पानावर तिने टाईप केले आहे की, माझ्या वडिलांनी सिस्टरला स्पष्ट शब्दांत तोंडी कल्पना दिली होती.

आता अकरा पन्नासचे सांगतो.

सिस्टरने सुई भरली. सुलोचना पलंगावर टेकून बसली होती. तिने ट्रेकडे पाहिले आणि सिस्टरला काही सांगू लागली. सिस्टर थांबली आणि म्हणाली, काय मावशी? सुलोचनाला एक गोष्ट सांगायला चार गोष्टी लागत, माझ्या डोक्यात दोनची गाडी होती, आणि सिस्टरसमोर मला उगाच लाज वाटली की ही बाई आता डॉक्टरी शिकवते. मी म्हटले, "गप राय वं. डॉक्टरले समजते सारं. आपुन काय शिकवावं त्याहिले." सिस्टर हसली. सुलोचनाने माझ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. पुढे काय झाले ते मूळ अर्जात आहे, ते मी पुन्हा सांगत नाही.

तरी प्रश्नाचे उत्तर असे की, मी ॲलर्जी आहे असे सांगितले नाही. ॲलर्जी नाही असेही सांगितले नाही. मला कोणी विचारलेच नाही. कार्ड असलेली पिशवी मी साडेदहा वाजता काउंटरवर दिली होती, ती कोणी उघडून पाहिली की नाही मला माहीत नाही. सुलोचना सांगत होती, तिला मी गप्प केले. अठ्ठावीस वर्षे मी गाडीत लोकांना बोला, बोला, कुठे जायचे, असे ओरडून विचारत आलो आहे.

मूळ अर्जातील दुसऱ्या पानावरचे वाक्य चुकीचे आहे. ते माझ्या खोट्यामुळे लिहिले गेले, त्यात माझ्या मुलीचा दोष नाही. तिला आजपर्यंत खरे माहीत नाही.

मी हे काल पहिल्यांदा ॲड. भोयर यांना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, "थूल साहेब, विचारणं त्यांचं काम होतं. पिशवी उघडून पाहणं त्यांचं काम होतं. तुमच्या खऱ्यानं केस कमजोर होईल, पण मरणार नाही. तुमच्या खोट्यानं ती उलटतपासणीत मरेल." मी विचारले, मंग डॉक्टरची चूक का माही? त्या म्हणाल्या, कोर्ट डॉक्टरची पाहील, तुमची पाहायला कोर्ट नाही. शेवटी म्हणाल्या, मुलीला आधी सांगा. मी रात्री जेवताना सांगणार होतो. मग सकाळी बसस्टँडवर सांगणार होतो. ठाण्याच्या फाटकापर्यंत मी तेच ठरवत होतो. मला फार थकवा आला आहे.

एवढे लिहून झाल्यावर मी हवालदार साहेबांना विनंती केली की हा जबाब मला एकट्याला वाचून दाखवू नये. मुलगी बाहेर बाकावर बसली आहे, तिला आत बोलवावे आणि तिच्यासमोर वाचावा. माझ्या तोंडून ते निघत नाही. साहेबांनी एकदा विचारले, नक्की का? मी हो म्हटले. त्यांनी मुलीला आत बोलावून खुर्ची दिली आणि जबाब पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला.

वाचून झाल्यावर मुलीने मला विचारले, "आई काय सांगून राह्यली होती त्या सिस्टरले?"

मी म्हटले, पुरं बोलूच देलं नाई मी.

ती म्हणाली, "जेवढं बोलली तेवढं सांगा. तिचेच शब्द सांगा."

मी सांगितले. ते ऐकून मुलगी साहेबांना म्हणाली की हे वाक्य जबाबात घ्या, आईनं सांगाले सुरुवात केलती हे त्या समितीले वाचू द्या. तिच्या म्हणण्यावरून मयत सुलोचना हिचे शब्द जसेच्या तसे येथे घेतले आहेत:

"बाई, मले मांगं एकडाव सुई देल्ली होती, तं"

वाक्य एवढेच आहे. त्यात मी काही वाढवलेले नाही. हे वाक्यही नंतर आम्हा दोघांसमोर वाचण्यात आले. ते व त्यावरील सर्व मजकूर मी सांगितला तसाच उतरला असून खरा आहे.

सही: श्रावण लहानूजी थूल
समक्ष सही: भावना श्रावण थूल